६६ व्या वर्षी पुन्हा नागद्वार? आधी रामटेक करा

भाऊ, तुम्ही लिहिता की वय ६६, डावा गुडघा कुरकुरतो, पूर्वी दरवर्षी नागद्वार (मध्य प्रदेशातल्या पचमढीच्या डोंगरातली नागपंचमीची यात्रा) करायचे, आता परत जावंसं वाटतं आणि पोट्टे म्हणतात, "बाबा, काहून जीव धोक्यात घालता?" मी ७२ ची, अजून हिंडते. माझं म्हणणं: हिंडायला लागा, पण यंदा नागद्वार नको.

कारण गुडघा नाही, गर्दी. तो रस्ता नागपंचमीच्या आगेमागेच उघडतो, एरवी व्याघ्र प्रकल्पात बंद. म्हणजे ऐन पावसात, शेवाळलेल्या दगडांवर, मागे माणसांची रांग. मी ६७ व्या वर्षी गेले होते. लोखंडी शिडीच्या चौथ्या पायरीवर डावा पाय थरथरायला लागला. खाली "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" चा गजर आणि पोरं चढायला उतावीळ. मी उतरले, दगडावर बसून घरच्या दशम्या खाल्ल्या आणि परत फिरले. दोन दिवस कोणाशी बोलले नाही, खरं सांगते. मग कळलं की वर्षभर बसून राहायचं आणि एकदम शिडी चढायची, हेच चुकलं.

म्हणून आधी रामटेक. सकाळी नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून एसटी धरा, अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी गडावर चढा. चढताना दम लागतो, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतारावर. पहिल्या दोन खेपांना परत येताना गाडीरस्त्याने ऑटोत बसा, लाज कसली? तिसऱ्या खेपेला पायऱ्या उतरा, हातात काठी, दुखरा पाय आधी खाली. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही तर पुढचं बोलू. (प्रसाद पिशवीत ठेवा, तिथली वानरं वय पाहत नाहीत.)

पुढचं म्हणजे डिसेंबरात पचमढी. मोकळे रस्ते, धूपगडचं शिखर १३५२ मीटर असलं तरी जिप्सी वरपर्यंत जाते. जटाशंकरच्या गुहेला मात्र आधी उतरायचं आणि थकल्यावर चढायचं, तेव्हा ते सकाळीच उरका. मार्च ते जून आपल्याकडच्या उन्हात काहीच नको.

पैशाचं थोडक्यात. एसटीत ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, ७५ नंतर फुकट, पण महाराष्ट्राच्या हद्दीतच. आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. लोअर बर्थचा कोटा आहे, बुकिंग करताना तोच निवडा. पचमढीसाठी पिपरिया स्टेशनला उतरायचं; थेट गाडी नाही मिळाली तर इटारसीला बदला.

आणि गोळ्या. एकदा माझी बॅग जीपच्या टपावर बांधली गेली, बीपीची गोळी तिच्यात, आणि घाटात दोन तास जीप थांबलीच नाही. तेव्हापासून पट्टीचे दोन दिवसांचे तुकडे कापून कमरेच्या पिशवीत, सोबत रक्तगट आणि मुलाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी.

घरी "जाऊ का?" असं विचारूच नका. "मंगळवारी रामटेकला जातो, सातपर्यंत येतो, वरण झाकून ठेवा" एवढंच सांगा.