मॉडेलमधून थेट एन्व्ह वाचू नकोस

तुझा कोड पाहिला. ऑर्डरच्या मॉडेलमध्ये (ऑर्डरचा डेटा सांभाळणाऱ्या क्लासमध्ये) पेटीमागचा पॅकिंगचा दर तू थेट एन्व्ह फंक्शनने, म्हणजे सर्व्हरवरच्या सेटिंगच्या एन्व्ह फाइलमधून, वाचतोयस. ते आजच काढ, कारण याच चुकीने माझा एक हंगाम कडू झाला होता.

रत्नागिरीच्या एका आंबा बागायतदारांसाठी मी लाराव्हेलमध्ये (पीएचपी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये) ऑर्डरचं ॲप केलं होतं. घरच्या मशीनवर सगळं चोख. ऐन एप्रिलमध्ये सर्व्हरवर कॉन्फिग कॅशची (सगळी सेटिंग्ज एका फाइलीत साठवून ठेवणारी) कमांड चालवली आणि बिलात पॅकिंग शून्य यायला लागलं. कॅश झाल्यावर लाराव्हेल एन्व्ह फाइल वाचतच नाही. एन्व्ह फंक्शन नल (म्हणजे काहीच नाही) देतं, पीएचपी गुणाकारात नलला शून्य धरतं, आणि एररही येत नाही. पाच डझनी पेट्या त्याच चुकीच्या बिलांवर रवाना झाल्या, आणि नंतर एकेका गिऱ्हाइकाला फोन करताना फार वाईट वाटलं.

एन्व्ह फक्त कॉन्फिग फोल्डरमधल्या फाइलमध्येच वाचायचं. मॉडेलमध्ये कॉन्फिग फंक्शन वापर. त्याहून बरं म्हणजे दर मेथडला बाहेरून दे, टेस्ट लिहिताना हायसं वाटेल.

आणि खरं सांगू का, हा दर कॉन्फिगचा नव्हेच. फळ वाढलं, पेटीत भरायचं गवत महागलं की तो बदलतो. त्याला डेटाबेसमध्ये वेगळं टेबल कर, आणि ऑर्डर झाली त्या दिवशीचा दर ऑर्डरच्याच ओळीत साठव, म्हणजे जुनी बिलं हलणार नाहीत.