जुन्या मोटारीच्या इंजिनात कूलंट तापमानाचा सेन्सर कोणता निवडावा आणि कुठे बसवावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: साठच्या दशकातील चार सिलिंडरच्या गाडीचा मूळ, बारीक तांब्याच्या नळीचा तापमापक निकामी झाला आहे, त्याजागी विजेवर चालणारे गेज आणि सोबत विजेचा पंखा बसवायचा आहे, तर एकच सेन्सर दोघांना पुरेल का, आणि हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) हात न लावता तो रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजमध्ये जोडनळी टाकून बसवला तर काय बिघडेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर मला माझ्याच गाडीने दिले, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मीही हेडमध्ये भोक पाडायला नको म्हणून वरच्या होजमध्ये जोडनळी घातली होती. थंड इंजिन सुरू केले की बराच वेळ काटा तळाशी पडून राही आणि मग एकाएकी उसळून मध्यावर येई, कारण थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप) उघडेपर्यंत त्या होजमध्ये गरम पाणी येतच नव्हते. याचा अर्थ थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता, तर हेड उकळत असताना माझे गेज 'थंड' दाखवत राहिले असते. हे तेव्हाच ध्यानात यायला हवे होते, आले नाही. पुढे एका चढावर खालचा होज फाटला आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) वाहून गेले. काटा थोडा वर गेला आणि मग हळूहळू खाली उतरू लागला, त्यामुळे चढ संपल्याने इंजिन निवत आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. बॉनेट उघडले तेव्हा तापलेल्या रंगाचा वास येत होता आणि हेडखालचा सांधा बंद ठेवणारे हेड गॅस्केट गेले होते.

गेज बिघडलेले नव्हते. सेन्सर फक्त आपल्या टोकाचे तापमान सांगतो. पाण्यातून त्याच्याकडे उष्णता झपाट्याने येते, हवेतून किंवा कोरड्या वाफेतून फारच सावकाश. आणि होजमधली जोडनळी रेडिएटरमागच्या वाऱ्यात उभी असल्याने तिचे पितळी अंग तेवढ्यात निवतही जाते. (१९१० आणि १९२० च्या दशकांत रेडिएटरच्या झाकणावर बसणारे 'मोटोमीटर' पाण्यावरच्या वाफेचेच तापमान दाखवत, पण ते उपकरण त्यासाठीच बनवलेले होते. आपला सेन्सर बुडून राहण्यासाठी बनवलेला असतो.)

म्हणून चालकाच्या गेजचा सेन्सर थर्मोस्टॅटच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, हेडमधून कूलंट बाहेर पडते त्या वाटेवर असावा, आणि पातळी थोडी उतरली तरी त्याचे टोक बुडालेले राहील इतका खाली असावा. मूळ बनावटीत जागा बहुधा इथेच दिलेली असते. उदाहरणार्थ बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या ए-सिरीज इंजिनात ती हेडच्या पुढच्या बाजूला, थर्मोस्टॅटच्या घरट्याखाली (हाउसिंगखाली) आहे. आपल्या तापमापकाचा फुगा जिथे आट्यांनी बसवला होता तीच जागा पहिली तपासावी. तिथे योग्य जोड मिळत नसेल, तर हेडवर किंवा थर्मोस्टॅटखालच्या भागावर कारखान्यातून बुजवून आलेले एखादे बुच आहे का ते पाहावे. हेडच्या मागच्या टोकाला हीटरची वाट असल्यास तीही चांगली जागा आहे, कारण पंप पुढे असल्याने पुष्कळ इंजिनांत मागचा सिलिंडर अधिक तापतो. मात्र हीटरची झडप बंद केल्यावर तिथले पाणी थबकते, तेव्हा झडप उघडी आणि बंद अशा दोन्ही स्थितींत वाचन घेऊन बघावे. पाण्याची पातळी गेल्यावर तरीही इशारा हवा असेल, तर हेडच्या धातूला, एखाद्या बोल्टखाली, वळ्याच्या आकाराचा सेन्सर घालून त्यावर वेगळा दिवा लावणे हा माझ्या मते सर्वांत उपयुक्त जोडखर्च आहे. पाणी संपले तरी धातू खोटे बोलत नाही.

जोड वापरताना एक गोष्ट हमखास चुकते. जुन्या जागेचे भोक मोठे आणि नवा सेन्सर बारीक, म्हणून मध्ये पितळी जोड येतो, आणि त्या जोडाच्या जाडीमुळे सेन्सरचे टोक प्रवाहात पोचतच नाही. ते एका कोनाड्यात, साचलेल्या पाण्यात बसते आणि काही अंश कमी दाखवते. बसवण्यापूर्वी भोकातून वाकवलेली तार घालून समोरची भिंत किती आत आहे ते मोजावे, सेन्सर जोडात फिरवून बसवून त्याचे टोक किती बाहेर येते ते मोजावे, आणि टोक प्रवाहात येईल पण समोरच्या धातूला टेकणार नाही अशी लांबी निवडावी.

आट्यांबद्दल सावध राहावे. एक-अष्टमांश इंचाच्या एनपीटी (अमेरिकी नळजोडाच्या) आट्यांत इंचाला २७ फेरे आणि ६० अंशांचा कोन असतो, तर त्याच मापाच्या बीएसपी (ब्रिटिश नळजोडाच्या) आट्यांत २८ फेरे आणि ५५ अंशांचा कोन. दोन्ही हाताने एक-दोन फेरे गोडीने बसतात, म्हणूनच फसवतात; पाना लावून पुढे ओढले की ॲल्युमिनियमच्या घरट्याचे आटे गेलेच म्हणून समजावे. एम१० किंवा एम१२ सारख्या मिलिमीटर मापाच्या समांतर आट्यांना तांब्याचा वॉशर लागतो, निमुळते आटे स्वतःच पाणी रोखतात. निमुळत्या आट्यांना वॉशर लावून 'पूर्ण बसेपर्यंत' आवळणे हा घरटे तडकवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

इथे अर्थचा, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेचा (अर्थिंगचा), मुद्दा येतो. एका तारेचा सेन्सर आपल्या अंगातून, आट्यांवाटे, इंजिनाला अर्थ होतो. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड वेढे घेतले, किंवा सेन्सर रबरी होजमधल्या जोडनळीत बसवला, तर ही वाट अडते. जोडनळीत बसवल्यास वेगळी अर्थची तार घालावीच लागते. गेजचे बहुतेक सेन्सर असे असतात की तापमान वाढले की त्यांचा रोध कमी होतो, म्हणून अर्थच्या वाटेत शिरलेला जास्तीचा रोध काट्याला नेहमी 'थंड' बाजूला ओढतो. तार तुटली तरी काटा थंड, अर्थ गेला तरी थंड, पाणी गेले तरी बहुधा थंड. जवळजवळ प्रत्येक बिघाड धीर देणाऱ्या दिशेनेच होतो, हे या रचनेचे मला सर्वांत न आवडणारे लक्षण आहे. म्हणून सेन्सर बसवल्यावर मल्टिमीटरची एक कांडी सेन्सरच्या षट्कोनी अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थच्या टोकावर ठेवून, गेज चालू असताना, मधला व्होल्टेज पाहावा. तो जवळपास शून्य असायला हवा.

आता निवड. सेन्सर आणि गेज ही जोडी आहे. नुसते आटे जुळले म्हणून सेन्सर घेऊ नये. वेगळ्या गेजसाठी मिळणाऱ्या एका प्रचलित प्रकारात ४० अंश सेल्सियसला सुमारे तीनशे ओहम आणि १२० अंशांना वीस-बावीस ओहम रोध असतो. इंधन इंजेक्शनच्या संगणकासाठीच्या बॉश पद्धतीच्या सेन्सरात २० अंशांना सुमारे २५०० आणि ८० अंशांना सुमारे ३२० ओहम असतो. दुसऱ्या प्रकारचा सेन्सर पहिल्या प्रकारच्या गेजला जोडला तर उकळत्या इंजिनावरही काटा जेमतेम हलतो. पुढे कधी इंजेक्शन बसवले तर संगणकाला त्याचा स्वतंत्र, दोन तारांचा सेन्सर द्यावा. गेजच्या तारेवर त्याला भागीदार करू नये, नाहीतर दोघांचीही वाचने बिघडतात.

आपण मूळ डॅशबोर्डाला शोभावे म्हणून त्याच काळातील विजेचे, द्विधातूपट्टीचे गेज घेत असाल, तर त्यामागे व्होल्टेज स्टॅबिलायझर लागतो. तो खटखट जोडत-तोडत सरासरी सुमारे १० व्होल्ट देतो. त्याच्या डबीचा अर्थ सुटला की गेजला पूर्ण व्होल्टेज मिळते आणि काटा उगाच वर जातो. पेट्रोलचा काटाही त्याच वेळी जास्त दाखवू लागला, तर इंजिनाकडे न जाता आधी ती डबी तपासावी.

कोणताही सेन्सर बसवण्यापूर्वी मी तो पातेल्यात तपासतो. पातेल्यात पाणी घेऊन सेन्सर तारेने असा टांगावा की टोक बुडेल, तळाला टेकणार नाही आणि वरचे विजेचे टोक कोरडे राहील. शेजारी विश्वासाचा थर्मामीटर सोडावा, मल्टिमीटरची एक कांडी अंगाला आणि दुसरी टोकाला चिमट्याने लावावी. वाचने तापवताना घेऊ नयेत. पाणी उकळू द्यावे, आच बंद करावी आणि ते निवत असताना ९०, ८०, ७०, ६० अंशांना रोध लिहून घ्यावा, कारण निवणे सावकाश आणि सारखे होते. मग सेन्सरऐवजी त्याच रोधांचे साधे रेझिस्टर गेजला लावून काटा कुठे थांबतो ते पाहावे. असे केल्यावर सेन्सर, गेज आणि तारा यांच्यापैकी दोष कोणाचा, हा वाद उरत नाही. फक्त उकळते पाणी म्हणजे १०० अंश असे गृहीत धरू नये. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो.

पंख्याचा स्विच वेगळा घ्यावा आणि रेडिएटरच्या खालच्या टाकीत किंवा बाहेर पडणाऱ्या वाटेवर बसवावा. चालकाला हेड किती तापले आहे हे हवे असते. पंख्याला रेडिएटरने पाणी पुरेसे निववले की नाही हे हवे असते. ९२ अंशांना चालू आणि ८७ ला बंद होणारा स्विच थर्मोस्टॅटजवळ बसवला, तर ८८ अंशांच्या थर्मोस्टॅटसोबत पंखा एकदा सुरू झाला की बहुधा थांबणारच नाही, कारण तिथले पाणी ८७ च्या खाली येतच नाही. पंख्याचा प्रवाह रिलेमधून (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून) न्यावा.

हेडजवळ बसवलेला सेन्सर पूर्वीपेक्षा जास्त आकडा दाखवेल, त्याने दचकू नये. ८२ अंशांचा शिक्का असलेला थर्मोस्टॅट त्या तापमानाला उघडू लागतो आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश घेतो, तेव्हा चढावर ९५ दिसणे साहजिक आहे. साधे पाणी ७ पीएसआय (दाबाचे एकक) दाब धरणाऱ्या रेडिएटरच्या झाकणाखाली साधारण १११ अंशांना उकळते, आणि निम्मे ग्लायकोल असलेले कूलंट त्याहून वर. पण झाकण जुने असेल तर हा हिशेब धरू नये.

कूलंट भरताना सेन्सर अर्धा फेरा सैल ठेवून त्याच्या आट्यांतून हवा सुटू द्यावी आणि सलग पाणी आले की आवळावा. पहिल्या फेरीनंतर, इंजिन पूर्ण तापून पंखा दोनदा चालू-बंद झाल्यावर काटा जिथे स्थिरावेल, तिथे गेजच्या काचेवर मी रंगाचा एक बारीक ठिपका देतो. माझ्या गाडीत तो ठिपका 'एन' (नॉर्मल) च्या किंचित उजवीकडे आहे, आणि काटा त्याच्या डावीकडे राहिला तरी मी आता गाडी थांबवून पाणी बघतो.