चीनमधले शेतकरी अजूनही २४ सौर टप्प्यांवर पेरणी करतात का? आपल्या नक्षत्रांसारखंच असतं का ते?

हो, करतात. हे टप्पे म्हणजे सूर्याच्या वर्षभराच्या फेरीचे २४ भाग, प्रत्येकाला वेगळं नाव. पण तारीख बघून डोळे मिटून नाही. नेमकं हेच आमच्या घरात कुणाला पटत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी परभणी जिल्ह्यातला. घरी सोयाबीन आणि तूर. नोकरीमुळे काही वर्षं उत्तर चीनच्या हबेई प्रांतात होतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिकडे राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी असते, तेव्हा एक सहकारी मला त्याच्या गावी घेऊन गेला. मक्याची काढणी चालू होती, अर्धा रस्ता वाळत घातलेल्या मक्यानं अडवलेला. तिथल्या मैदानी भागात गव्हामागून मका आणि मक्यामागून गहू, अशी वर्षाला दोन पिकं निघतात.

तिथली गव्हाची म्हण मला पाठ झाली होती: बाइलूला लवकर, हानलूला उशीर, गहू पेरावा छिउफनला. ही तिन्ही टप्प्यांची नावं: बाइलू ७-८ सप्टेंबरला येतो, छिउफन म्हणजे २३ सप्टेंबरचा विषुवदिन, आणि हानलू ८ ऑक्टोबरच्या आसपास. म्हणजे म्हणीप्रमाणे वेळ टळून गेलेली, आणि सहकाऱ्याच्या वडिलांनी पेरणीयंत्र अजून बाहेरही काढलं नव्हतं. मी विचारलं, "काका, उशीर नाही झाला?"

मुलगा दुभाषा झाला. काका म्हणाले, "ती म्हण माझ्या आजोबांच्या थंडीची आहे." आता हिवाळा उशिरा येतो. छिउफनला पेरलं तर थंडीच्या आधीच गहू माजतो, आणि माजलेला गहू कडाक्याच्या थंडीत होरपळतो. शिवाय मका आणखी थोडे दिवस उभा राहिला तर दाणा चांगला भरतो. म्हणून हानलूच्या आसपास पेरायचं, आणि त्याहून उशीर झाला तर बियाणं वाढवायचं, कारण फुटवे कमी येतात. काकांनी म्हण टाकून दिली नव्हती. तिच्यापासून किती सरकायचं याचा हिशेब त्यांच्याकडे होता.

नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा गेलो, तेव्हा गव्हाला हिवाळ्यातलं पाणी द्यायचं चाललं होतं. त्याचीही म्हण आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यांत शहाणी: गोठत नाही, वितळत नाही, तर घाई होते. रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं, तर हीच वेळ. नुसतं गोठतं, वितळत नाही, तर वेळ गेली. सकाळी काकांनी वाफ्याचा काठ टाचेनं दाबला. वरचा थर पापडासारखा मोडला. दुपारी त्याच जागी बोट खुपसलं तर बोटाला चिखल लागला. मग त्यांनी बोअरच्या पेटीला कार्ड लावलं आणि मोटार चालू केली. हे पाणी मुळाशी थंडीचा चढउतार कमी करतं आणि वसंतापर्यंत ओल टिकवतं. तिकडे वसंत कोरडा जातो, म्हणून तर 'वसंतातला पाऊस तेलाइतका मोलाचा' म्हणतात. पाणी देण्याच्या त्या म्हणीत तारीख कुठेच नाही. बघायचं ते जमिनीकडे.

आता आमचा दादा. त्याला मृग साधायचाच असतो. ७-८ जूनला मृग लागला, चार सरी आल्या की तिफण बाहेर. मागे एकदा अशीच पेरणी केली, पुढे पावसानं ताण दिला, सोयाबीन उगवून करपलं आणि बियाण्याच्या पिशव्या दुसऱ्यांदा आणाव्या लागल्या. तरी दादाचं म्हणणं, नक्षत्र साधलं होतं, पावसानं दगा दिला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो, पण आमच्याकडे ते सरकारी बोलणं ठरतं.

तुमचा दुसरा प्रश्न. दोन्ही पद्धती सूर्यावरच चालतात. तिकडे सूर्य १५ अंश सरकला की नवा टप्पा, आपल्याकडे १३ अंश २० कला सरकला की नवं नक्षत्र. फरक असा की त्यांचे टप्पे सायन आहेत, ऋतूला बांधलेले. आपली नक्षत्रं निरयन, म्हणजे ताऱ्यांना बांधलेली, म्हणून साधारण ७०-७२ वर्षांत एक दिवस ऋतूच्या पुढे सरकतात. त्यांचा मांगचोंग हा टप्पा ५-६ जूनला आणि आपला मृग ७-८ जूनला, ही आजची जवळीक हजार वर्षांपूर्वी नव्हती. 'वाडवडिलांपासून मृग म्हणजे मृग' या युक्तिवादात मला म्हणून काडीचा दम दिसत नाही. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक आहे म्हणजे पाऊस चांगला, हे तर मुळीच पटत नाही. चिनी पंचांगातही शुभाशुभ दिवस छापतात. ते आणि पेरणीचे टप्पे एकात कालवू नका.

हे टप्पे ह्वांग हो नदीच्या मध्य आणि खालच्या खोऱ्यात बसवले गेले, इ. स. पू. १०४ च्या थायछू पंचांगात ते अधिकृत झाले, आणि २०१६ मध्ये युनेस्कोनं त्यांना वारसा यादीत घेतलं. पण टप्प्यांच्या यादीत 'मोठा बर्फ' नावाचा टप्पा आहे म्हणून दक्षिणेतल्या ग्वांगचौला बर्फ पडत नाही. यांगत्सेच्या खोऱ्यात गव्हाची तीच म्हण पुढच्या टप्प्यांची नावं घालून म्हणतात. तेव्हा 'प्राचीन चिनी शेती कॅलेंडर' म्हणून जे व्हॉट्सॲपवर फिरतं, ते मराठवाड्यातल्या शेतावर लावू नका.

एक सांगायचं राहिलं: मी पाहिला तो फक्त गहू-मक्याचा पट्टा. भाताचा आणि चहाचा भाग वेगळा. छिंगमिंग या टप्प्याच्या आधी, म्हणजे ४-५ एप्रिलपूर्वी खुडलेल्या चहाला तिकडे जास्त भाव मिळतो, एवढंच माहीत आहे. आणि गावातली तरुण पोरं फोनवरचा अंदाज बघतातच, काकाही बघायचे.

तुम्ही जिल्हा लिहिलेला नाही. सोयाबीनवाले असाल तर यंदा मृगाच्या आधी पर्जन्यमापक घ्या, आणि आकडा भरेपर्यंत कुणी कितीही टोचलं तरी तिफण घरातच ठेवा. दादालाही मी हेच सांगितलंय, अजून ऐकलेलं नाही.