बॉडी चॅसीवरून उतरवताना : वाचकांचे प्रश्न

जुन्या गाडीची बॉडी चॅसीवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, कशी उतरवायची, या एकाच गोष्टीवर इतके मेसेज येतायत की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमेना. आणि सगळ्यांचा गोंधळ तोच आहे, कुणीतरी व्हिडिओ पाहिलेला असतो, त्यात चार जण बॉडी उचलून बाजूला ठेवतात आणि बारा मिनिटांत काम संपतं. त्या बारा मिनिटांच्या आधीचे आठ दिवस व्हिडिओत नसतात. म्हणून निवडक प्रश्न इथे एकत्र घेतोय.

प्रश्न : माझ्याकडे 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. फ्लोर पूर्ण गंजलाय. बॉडी उतरवून चॅसी वेगळी करून घ्यायची आहे, खर्च किती येईल? (सोलापूर)

पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, मोनोकॉक आहे, बॉडी हीच चॅसी. अँबेसेडरचंही तेच. ज्याने तुम्हाला बॉडी काढून देतो म्हणून आकडा सांगितला त्याच्याकडे गाडी टाकू नका. फ्लोरचं काम चांगल्या पत्रेवाल्याला प्रत्यक्ष दाखवून ठरवा.

प्रश्न : महिंद्राची जुनी सीजे थ्री बी जीप आहे. सहा मित्र मिळून टब (जीपची बॉडी) हाताने उचलता येईल का? (सातारा)

येईल, पण रिकामा टब. म्हणजे काच-फ्रेम, सीटा, हूडचे पाइप, सीटखालची पेट्रोल टाकी, स्टेपनी सगळं आधी बाहेर. जीपमध्ये लोक हमखास विसरतात ते पेडल. क्लच-ब्रेकचे पेडल चॅसीवर बसलेले असतात आणि दांडे फ्लोरमधून वर येतात, ते मोकळे केल्याशिवाय टब वर जाणार नाही, अडकणार, आणि मग तुमच्यातला एक जण जोर लावणार आणि पत्रा फाटणार. गिअर आणि फोर-व्हीलच्या दांड्यांभोवतीची फ्लोर प्लेट काढा, स्टिअरिंग कॉलमचा डॅशबोर्डखालचा क्लॅम्प सोडा.

आणखी एक. टब उचलून घेऊन चालायचं नाही. उचलायचा, दोघांनी चॅसी खालून ढकलून बाहेर काढायची आणि टब तिथेच, आधी तयार ठेवलेल्या घोड्यांवर (स्टँडवर) ठेवायचा. घोड्या कुठे येणार ते खडूने जमिनीवर आखून ठेवा, सहा माणसं हातात वजन घेऊन "इकडे, नको तिकडे" करायला लागली की कुणाची तरी पाठ जाते. आणि यातला एक तरी माणूस आधी हे काम केलेला असू द्या.

प्रश्न : स्टँडर्ड हेराल्ड, दोन दरवाज्यांची. एका गॅरेजमध्ये बॉडी उतरवली होती, परत बसवल्यापासून ड्रायव्हरसाइडचा दरवाजा लागतच नाही, उचलून ढकलावा लागतो. मिस्त्री म्हणतो बिजागरी झिजलीय. (नाशिक)

बिजागरी नसणार, म्हणजे असली तरी ते मुख्य कारण नसणार. गाडी गॅरेजला जायच्या आधी दरवाजा लागत होता ना? मग.

हेराल्ड समजून घ्या. ही मूळची ट्रायम्फ, 1959 ची, डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं, आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961 पासून बनवली. त्या काळी बहुतेक छोट्या गाड्या मोनोकॉक होत असताना हिला वेगळी चॅसी दिली आणि बॉडी तुकड्या-तुकड्यांत बोल्टने जोडली. बॉनेट सगळं पुढे उलटतं, छप्पर बोल्ट काढून वेगळं होतं, पुढचा आणि मागचा भाग मध्ये जोडलेला. दरवाज्याखालचा बाहेरचा पत्रा दिसतो जाड पण ताकद त्याच्यात नाही, ताकद खालच्या चॅसीत आणि तिच्या बाजूला निघालेल्या हातांत आहे. म्हणजे चॅसी काढून घेतली की वरची बॉडी अगदी लेची होते. दरवाजे काढून दोन टोकांना उचलली तर मधे वाकणार, आणि एकदा वाकली की दिसत नाही, परत बसवताना दरवाजाच सांगतो.

म्हणून उतरवायच्या आधी बॉडी आतून बांधायची. गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असताना दरवाज्याच्या फटी सगळीकडून मोजायच्या, वर, खाली, मागे, लिहून काढायच्या. दरवाज्याच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. मग 25 मिलिमीटरचा स्क्वेअर पाइप घ्यायचा, बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत एक आडवा, एक तिरका, दोन्ही बाजूंना, आणि एक पाइप गाडीच्या आतून आडवा या खांबापासून त्या खांबापर्यंत. शक्यतो बिजागरीच्या भोकांत पट्टी बोल्ट करून तिला पाइप जोडायचा, सगळीकडे वेल्डिंग मारायची गरज नसते. नंतर परत कर्ण मोजायचे. वेल्डिंगच्या ताणाने पाइपच बॉडीला ओढून घेतो हे मी पाहिलंय, चौकट चार मिलिमीटर बंद झाली होती आणि कुणाच्या लक्षात नव्हतं.

आणि फ्लोर गंजलेला असेल तर निदान त्याचं मुख्य काम बॉडी चॅसीवर असतानाच करून घ्या. चॅसी सरळ असेल तर तिच्याएवढा चांगला साचा जगात दुसरा नाही. आपल्याकडे उलटं करतात, आधी उतरवतात, मग हवेत लटकलेल्या बॉडीला पत्रे मारत बसतात.

तुमच्या गाडीचं आता काय? बॉडी माउंटिंगचे सगळे बोल्ट ढिले करून, प्रत्येक ठिकाणी बॉडी आणि चॅसीच्या मधे किती पॅकिंग (रबराचे तुकडे, पत्र्याच्या वायसर) आहे ते बघून, दरवाजा बसेपर्यंत पॅकिंग कमी-जास्त करत यावं लागेल. त्याआधी चॅसीचे कर्ण मोजा, ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करून घरीसुद्धा मोजता येतात. कर्णात फरक निघाला तर पॅकिंगने काही होणार नाही, चॅसी जिगवर (सरळ करायच्या साच्यावर) न्यावी लागेल. बिजागरीचे पैसे तेवढे आत्ता देऊ नका, हेराल्डचं काम केलेल्या माणसाला एकदा दाखवा.

प्रश्न : शेडच्या छताला लोखंडी कैच्या (छत पेलणारे सांगाडे) आहेत. एक टनाची चेन कप्पी भाड्याने मिळतेय. बॉडी तर तीनशे किलोची पण नसेल, कप्पी कैचीला अडकवून उचलली तर चालेल ना? (रत्नागिरी)

नाही.

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. कप्पी एक टनाची आहे हे बरोबर. पण कप्पी ज्याला अडकवली ते किती टनाचं आहे हे कुणी बघितलं? पत्र्याच्या शेडची कैची ही पत्रे आणि वारा पेलायला बनवलेली असते, वजन सगळ्या लांबीवर पसरून. तिच्या खालच्या अँगलला मधोमध एकाच ठिकाणी तीनशे किलो लटकवायचा हिशोब ती बनवणाऱ्याने केलेलाच नसतो. त्यात तुमच्याकडे समुद्राची हवा, अँगल वरून रंगवलेला दिसतो आणि जोडाच्या प्लेटीत गंज खाऊन बसलेला असतो.

शिवाय वजन तीनशे किलो राहतच नाही. एक बोल्ट सोडायचा राहिला असेल, मागच्या सीटखाली, डिक्कीच्या मॅटखाली, डांबराच्या थराखाली हमखास एक राहतो, तर तुम्ही बॉडी नाही, बॉडी अधिक चॅसी अधिक इंजिन ओढत असता. मग तो बोल्ट तुटतो आणि सगळं एकदम उसळतं. पट्ट्यांचंही असंच. एका हुकातून दोन पट्टे खाली आले आणि त्यांच्यातला कोन पसरत पसरत 120 अंश झाला की प्रत्येक पट्ट्यावर अख्ख्या बॉडीएवढा ताण येतो, अर्धा नाही. छप्पर कमी उंचीचं असलं की कोन पसरतोच. वर पट्टे आतल्या बाजूला ओढतात आणि छताच्या कडा चेपतात ते वेगळं.

मी एका गॅरेजमध्ये उभा असताना हे झालेलं आहे. कैचीचा अँगल वाकला, आवाज असा काही मोठा झाला नाही, कुरकुरल्यासारखा, आणि बॉडी फक्त सहा इंच खाली आली. फक्त सहा इंच. हेल्पर पोरगा अडकलेली ब्रेकची नळी सोडवायला हात आत घालून होता, हात फ्लोर आणि चॅसीच्या मधे सापडला. दोन बोटं गेली. वय एकोणीस. मालकाला रविवारच्या आत बॉडी उतरवून हवी होती.

तेव्हा नीट ऐका. वरून उचलायचंच असेल तर स्वतःच्या पायांवर उभी राहणारी गँट्री भाड्याने आणा, तिच्यावर क्षमता लिहिलेली असते, आणि खाली आडवा बीम लावून पट्टे सरळ उभे सोडा. हायड्रा (क्रेन) बोलवायची असेल तरी बीम पाहिजेच, आणि चालवणारा सावकाश हात असलेला पाहिजे. पण घरच्या घरी काम असेल तर मी वरून उचलूच देत नाही. खालून उचला. दोन जाड लाकडी वासे, चार बाय चार इंची, गाडीच्या आडवे, एक पुढे पायाच्या फ्लोरखाली, एक मागे चाकाच्या कमानीजवळ, बॉडीला चांगला पत्रा आहे तिथेच, मधे फळी टाकून. चार कोपऱ्यांना चार जॅक, एका वेळी एक-दोन इंच, आणि प्रत्येक इंचाला घोडी किंवा लाकडी ठोकळे वर सरकवत यायचं. वजन जॅकवर ठेवून कधीही थांबायचं नाही. विटा नाहीत, सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नाहीत, ते न सांगता फुटतात.

पहिल्या इंचाला थांबा. बॅटरी (टॉर्च) घेऊन गाडीभोवती पूर्ण फिरा. अर्थिंगची पट्टी, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची केबल, पेट्रोलची नळी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, स्टिअरिंगचा जोड. काही ताणलेलं दिसलं तर बॉडी आधी ठोकळ्यांवर टेकवा, मगच हात घाला. लटकत्या बॉडीखाली हात नाही, डोकं नाही, "एक सेकंद" नाही. आणि शेडबद्दल अजूनही खात्री वाटत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवून त्याच्याकडून लिहून घ्या.

प्रश्न : माउंटिंगचे बोल्ट जाम आहेत, गॅसने तापवू का? (वसई)

पेट्रोलची टाकी आणि नळ्या गाडीतून काढून दूर ठेवल्याशिवाय गॅसही नाही आणि ग्राइंडरही नाही. आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल मारा, निम्मे बोल्ट तसेच येतील. उरलेले वेल्डरकडून.

प्रश्न : एका गॅरेजने "बॉडी-ऑफ रिस्टोरेशन" केलं म्हणून बिल लावलंय. खालून चॅसी काळी कुळकुळीत दिसतेय. खरंच उतरवली होती हे कसं कळणार? (ठाणे)

बॉडी टेकते त्या जागी चॅसीची वरची बाजू बघा, आरसा आणि बॅटरी घेऊन. खालून स्प्रे मारलेला असेल तर वर जुना गंज तसाच असतो, माउंटिंगच्या रबरावरही काळा रंग उडालेला असतो आणि बोल्टच्या डोक्यावर पाना लागल्याची खूण नसते. काळं कोटिंग गंजावर मारलं की वर्षभर छान दिसतं, आत गंज चालूच. हा धंदा मला मनापासून चीड आणतो, कारण ज्याच्या वडिलांची गाडी असते तो पैसे विचारत नाही हे यांना माहीत असतं. काम चालू असताना बॉडी आणि चॅसी वेगळी असल्याचे, चॅसी नंबर दिसतोय असे फोटो मागा. नसतील तर पैसे द्यायच्या आधी तिऱ्हाईत माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्न : रॅली तीन आठवड्यांवर आहे. बॉडी उतरवून चॅसी रंगवून परत होईल का? (पुणे)

नाही. आहे तशी घेऊन जा, ब्रेक तपासून. काम रॅलीनंतर.

प्रश्न : हेराल्डची चॅसी मागे फारच गेलीय. दुसऱ्या भंगार हेराल्डची चॅसी चांगली मिळतेय. बदलली तर आरसीचं काय? (कोल्हापूर)

खरेदी करायच्या आधी आरटीओत जा, नंतर नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि दुसऱ्या चॅसीवर जुना नंबर पंच करून देणारे जे लोक भेटतात त्यांच्या वाटेला जाऊ नका, तो सरळ गुन्हा आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, नव्या नोंदणीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. म्हणून मी म्हणेन की आहे ती चॅसी वाचते का ते आधी बघा. हेराल्डमध्ये बहुतेक वेळा बाजूचे हात आणि मागची टोकं जातात, मधले दोन मुख्य गर्डर ठीक असतात, आणि हात नवीन बनवून मोजमापात वेल्ड करता येतात. एका वेळी एकच हात कापायचा, तो बसवायचा, मग दुसरा. कापायच्या आधी चॅसी नंबरची प्लेट आणि पंच केलेला नंबर यांचे स्वच्छ फोटो काढा, आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. जुळत नसेल तर तिथेच थांबा आणि वकील गाठा.

प्रश्न : बॉडी उतरवताना माउंटिंगमधली पॅकिंग सगळी एका डब्यात गोळा केली. आता कुठली कुठे ते कळत नाही. (सांगली)

सगळीकडे सारखी पॅकिंग टाकून सुरुवात करा, बोल्ट हाताने लावा, दरवाजे बसवा, मग फटी बघून एकेक ठिकाणी वाढवा. दोन-तीन दिवस जातील. जुन्या रबराचे तुकडे परत वापरू नका, पण पत्र्याच्या वायसर टाकूनही देऊ नका, त्यांच्यावर माउंटिंगचा गंजाचा ठसा असतो, तो चॅसीवरच्या ठशाशी जुळवून बघितला तर बऱ्याच जागा सापडतात. तरी दरवाजा बसला नाही तर घासू नका, मला बाजूने काढलेले फोटो आणि चारही फटींची मापं पाठवा.