पाच टक्क्यांतले तुमचे किती?

या वेळच्या पत्रांमध्ये क्रेडिट कार्डावरचा कॅशबॅक आणि रिवॉर्ड पॉइंट यांचीच चौकशी जास्त होती, म्हणून सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे. बँकांची नावं गाळली आहेत. कार्डांच्या अटी सारख्या बदलत असतात, त्यामुळे आज अमुक कार्ड चांगलं असं सांगण्यापेक्षा हिशोब कसा मांडायचा ते सांगणं जास्त उपयोगाचं.

मी सांगलीत शिक्षिका आहे. कार्डावरचा खर्च महिन्याला साधारण ३० हजार. आमच्या बँकेतला माणूस म्हणतो, १०० रुपयांवर ४ पॉइंट देणारं कार्ड घ्या, फी वर्षाला २,५०० रुपये. दुसरीकडे सरसकट दीड टक्का कॅशबॅकचं कार्ड ४९९ रुपये फीमध्ये मिळतंय. चार मोठे की दीड?

त्या माणसाला एकच विचारा : एका पॉइंटचे रुपये किती? बऱ्याच कार्डांवर एक पॉइंट २५ पैशांचा असतो. म्हणजे १०० रुपयांवर ४ पॉइंट हा झाला एक टक्का. काही कार्डांवर तर तोच पॉइंट विमानाच्या तिकिटाला वापरला तर त्याची किंमत जास्त धरतात आणि बिलातून वळता करून मागितला तर निम्म्याहून कमी. तुम्ही वर्षातून एकदाही विमानात बसत नसाल, तर जाहिरातीतला तो वरचा भाव तुमच्यासाठी नाहीच.

आता तुमच्या खर्चाकडे बघू. ३० हजारांपैकी विम्याचा हप्ता, पेट्रोल, वीजबिल, मुलांची फी असं १० हजारांचं असेल, तर त्यावर बहुतेक कार्डं काही देत नाहीत. उरले महिन्याचे २० हजार, वर्षाचे २ लाख ४० हजार. पहिल्या कार्डावर त्याचे ९,६०० पॉइंट होतात, म्हणजे २,४०० रुपये. फी २,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. वर्षभर कार्ड घासून तुम्ही बँकेलाच ५५० रुपये दिलेत. पॉइंट वटवायला काही बँका ९९ रुपये आणि जीएसटी घेतात, तो वेगळाच.

दुसऱ्या कार्डावर त्याच खर्चाचे ३,६०० रुपये मिळतात, फी जीएसटीसह ५८९ रुपये जाते, हातात ३,०११ रुपये राहतात. तुमच्या एकूण ३ लाख ६० हजारांच्या खर्चावर हा दर पाऊण टक्क्याच्या थोडा वर पडतो. कार्डावर छापलेला दीड टक्का आणि तुमच्या पदरात पडणारा दर यांत एवढं अंतर असतं. दीडवालं घ्या.

बँकेचा माणूस आता म्हणेल, ‘मॅडम, वर्षात ४ लाख खर्च केलात की फी माफ.’ तुमचा खर्च ३ लाख ६० हजार. २,९५० रुपये वाचवायला ४० हजारांची नसती खरेदी करणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. पुढे करायचीच असलेली खरेदी दोन महिने अलीकडे ओढता येत असेल तर गोष्ट निराळी. पण त्यातही मेख आहे : जे खर्च पॉइंटला चालत नाहीत, ते काही कार्डांवर फी माफीच्या ४ लाखांतही धरत नाहीत.

ऑनलाइन खर्चावर ५ टक्के म्हणून कार्ड घेतलं. सोसायटीचं मेंटेनन्स, वीजबिल, घरभाडं सगळं मोबाइलवरून, म्हणजे ऑनलाइनच भरलं. कॅशबॅक शून्य. कस्टमर केअरवाले ‘अटी वाचा’ म्हणतात. ही फसवणूक नाही का? (डोंबिवली)

राग समजू शकते, पण त्यांनी लिहून दिलेलं असतं, तेही बारीक अक्षरांत. प्रत्येक दुकानाला, कंपनीला कार्डाच्या यंत्रणेत धंद्यानुसार चार आकडी कोड असतो. वीज, पाणी, गॅस यांचा ४९००, पेट्रोल पंपाचा ५५४१, किराणा-सुपरमार्केटचा ५४११, घरभाड्याचा ६५१३. तुम्ही पैसे मोबाइलवरून दिलेत की समोर उभं राहून, याआधी यंत्रणा तो कोड बघते. कोड वगळलेल्यांच्या यादीत असेल तर ५ टक्के राहू द्या, एकही मिळत नाही.

म्हणून कार्ड निवडताना मी टक्केवारी शेवटी बघते. आधी वगळलेल्या खर्चांची यादी. बँकेच्या संकेतस्थळावर ‘सर्वात महत्त्वाच्या अटी व शर्ती’ आणि कॅशबॅकच्या अटी अशी दोन कागदपत्रं असतात. त्यांतली ही यादी आणि तुमची मागच्या तीन महिन्यांची बिलं समोरासमोर ठेवा. निम्मा खर्च यादीत निघाला, तर ५ टक्क्यांचं कार्ड तुमच्यासाठी अडीच टक्क्यांचंच आहे.

दुसरं, कमाल मर्यादा. ५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,००० रुपये, असं असेल तर २० हजारांच्या खर्चावर ती मर्यादा संपते. ६० हजारांचा फ्रिज एका फटक्यात घेतला तर ५ टक्क्यांचे ३,००० होत नाहीत, १,०००च राहतात. ही मर्यादा कॅलेंडरच्या महिन्याची आहे की बिलाच्या चक्राची, तेही बघून ठेवा. बिलाची तारीख १८ असेल तर दिवाळीची खरेदी १८च्या अलीकडे-पलीकडे विभागून दोन मर्यादा वापरता येतात. यात काही गैर नाही.

भाड्याचं म्हणाल, तर तो रस्ता आता बराचसा बंद झाला आहे. २०२२च्या ऑक्टोबरपासून बँका भाड्याच्या व्यवहारावर एक टक्का शुल्क लावू लागल्या होत्या. सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रीगेटरांसाठी (दुकानदारांच्या वतीने ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी) नियम कडक केल्यावर अनेक अ‍ॅप्सनी कार्डावरून घरमालकाला भाडं देण्याची सोय काढूनच टाकली.

आणि पेट्रोल पंपावरची ‘एक टक्का सरचार्ज माफी’ हा कॅशबॅक नव्हे. आधी एक टक्का जास्त कापतात, मग तो परत करतात, आणि त्यावरचा जीएसटी सहसा परत येत नाही.

मी दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, न चुकता भरतो. लेट फी कधी लागली नाही. कॅशबॅकही येतो. मित्र म्हणतो तू मूर्ख आहेस. (पुणे)

शब्द जरा कडक आहे, पण हिशोब मित्राचा बरोबर आहे. समजा, ४० हजारांच्या बिलापैकी तुम्ही ५ टक्के, म्हणजे २ हजार भरलेत. उरलेल्या ३८ हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,३३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १,५७० रुपये. एक टक्क्याने मिळालेला कॅशबॅक ४०० रुपये. शिवाय बाकी पुढे गेली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, दूध-भाजी घेतल्या दिवसापासून व्याज सुरू होतं.

साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाचे ४२. यावर ३० टक्क्यांची कमाल मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केला, त्यामुळे तिकडून दिलासा नाही. बाकी फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवा. बँकेकडून साधं वैयक्तिक कर्ज घेऊन ही बाकी फेडलीत तरी स्वस्त पडेल.

ताई, आमच्या घरात कार्ड माझ्याकडेच आहे. मेहुणा, चुलत भाऊ, ऑफिसातले दोघे-तिघे, सगळ्यांचे मोबाइल, टीव्ही, तिकिटं माझ्या कार्डावर घेतो. ते मला पैसे देतात, कॅशबॅक माझा. वर्षाला ११-१२ लाख होतात. चालेल ना? (नागपूर)

एका आर्थिक वर्षात क्रेडिट कार्डाच्या बिलांपोटी १० लाख किंवा जास्त रक्कम भरली गेली, तर बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते. रोखीने भरलेली रक्कम असेल तर ही मर्यादा फक्त १ लाख आहे. म्हणजे भाऊ रोख देतो आणि तुम्ही बँकेच्या खिडकीवर ती भरता, हा प्रकार तर आजच थांबवा.

माहिती कळवली म्हणजे कर लागला असं नाही. पण विवरणपत्रात उत्पन्न ७ लाख आणि कार्डावर खर्च १२ लाख दिसला, तर विचारणा होऊ शकते, आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, मेहुण्यांना नाही. प्रत्येकाकडून पैसे खात्यावर घ्या, कुणाचं काय घेतलं त्याची नोंद ठेवा. कार्डाच्या खर्चमर्यादेच्या ३० टक्क्यांहून जास्त वापर सतत दिसला तर क्रेडिट स्कोअरवरही परिणाम होतो. खर्च घरचा वाटत नाही, धंद्याचा वाटतो असं म्हणून बँक पॉइंट रोखू शकते, तशी अट अनेक कार्डांत असते.

आणि चुलत भावाने ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हटलं, तर वरच्या पुण्याच्या पत्राचं उत्तर तुम्हालाही लागू. मी तुमच्या जागी असते तर मेहुण्यांना त्यांचंच कार्ड काढून दिलं असतं. ओळखीतून आलेल्या नव्या ग्राहकासाठी काही बँका पॉइंट देतात, ते घ्या.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलंय. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळीकडे स्कॅन करते. पण काही दुकानदार ‘क्रेडिट कार्ड असेल तर दोन टक्के जास्त’ म्हणतात. (कोल्हापूर)

कॅशबॅक येतो कुठून, ते यात दिसतं. तुम्ही १०० रुपये देता तेव्हा दुकानदाराच्या हाती पूर्ण १०० पडत नाहीत, त्यातला थोडा भाग बँका आणि कार्डाची यंत्रणा वाटून घेतात. तुमचा कॅशबॅक त्याच वाट्यातला. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयवर सप्टेंबर २०२२मध्ये सुरू झालं तेव्हा छोट्या दुकानदारांना २ हजारांपर्यंतच्या व्यवहारावर हे शुल्क माफ ठेवलं. मग बँकेला अशा व्यवहारात मिळतं काय? म्हणून कित्येक कार्डं यूपीआयच्या खर्चावर पॉइंट कमी देतात किंवा देतच नाहीत. तुमच्या कार्डाची यूपीआयची अट वेगळी वाचा.

सोनाराचा सरळ विचार करा : तो दोन टक्के मागतो आणि कार्ड एक टक्का देतं. तिथे डेबिट कार्ड किंवा खात्यावरून यूपीआय. शिवाय दागिन्यांवर कॅशबॅक न देणारी कार्डंही बरीच आहेत. आणि मैत्रिणीच्या नंबरावर या कार्डातून पैसे पाठवता येत नाहीत, फक्त दुकानाचाच क्यूआर चालतो.

दुसऱ्या वर्षाची फी लागणार म्हणून कार्ड बंद करायचंय, बँक टाळाटाळ करते. (रत्नागिरी)

आधी पॉइंट वटवून घ्या, बंद झाल्यावर ते सहसा जातात. बाकी पूर्ण भरा, मग ईमेलने लेखी विनंती करा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बाकी नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. विनंतीत या नियमाचा उल्लेख केलात की टाळाटाळ बहुधा आटोपते. मात्र हे तुमचं सर्वांत जुनं कार्ड असेल तर बंद करण्याऐवजी बिनफीच्या कार्डात बदलून मागा. जुनं खातं चालू राहणं स्कोअरला बरं.

‘तुमचे ८,९५० पॉइंट आज रात्री संपणार, वटवण्यासाठी हे अ‍ॅप घ्या’ असा मेसेज आलाय. बँकेचा लोगो आहे. (वास्को)

उघडू नका. पॉइंट खरंच संपत असतील तर ते बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये दिसतील, तिथेच बघा. मेसेजमधून आलेली एपीके फाइल (तिच्यातून परस्पर नवं अॅप बसतं) फोनमध्ये घातली की तुमचे ओटीपी परस्पर वाचले जाऊ शकतात, आणि अशा ओटीपीवर गेलेले पैसे परत मिळवणं फार कठीण. घातली असेलच तर फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड गोठवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.