पक्षाला मत आणि ध्येयाला मत : ब्रिटनमधील प्रादेशिक पक्षांविषयी वाचकांचे प्रश्न

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील पक्षांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत. काहींची उत्तरे लांबली आहेत, कारण त्यांचा थोडक्यात निकाल लावला असता तर गैरसमज वाढले असते.

प्रश्न : स्कॉटिश नॅशनल पार्टीला 'प्रादेशिक' म्हटलेले त्यांच्या कार्यकर्त्यांना रुचत नाही, असे वाचले. आपल्याकडे द्रमुक किंवा तेलुगू देसम यांना या शब्दाचे वावडे नाही. मग त्यांनाच अडचण का?

उत्तर : स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या या पक्षाचा आक्षेप 'प्रदेश' या शब्दाला आहे. स्कॉटलंड हा ब्रिटनचा एक भाग नसून 1707 साली करार करून इंग्लंडशी एकत्र आलेला देश आहे, असे ते मानतात. त्या करारात एडिंबरामधील संसद विसर्जित झाली, परंतु स्कॉटलंडचे कायदे, न्यायालये, चर्च आणि शिक्षणपद्धती वेगळी राहिली व आजही वेगळी आहे. वेल्सच्या वाट्याला करारसुद्धा आला नाही; आठव्या हेन्रीच्या काळात 1536 आणि 1542 च्या कायद्यांनी तो इंग्लंडच्या अमलात पुरता सामावला गेला. आयर्लंड 1801 मध्ये जोडले गेले आणि त्याचा मोठा भाग 1922 मध्ये बाहेर पडला.

आपल्या घटकराज्यांच्या सीमा संसदेला राज्यघटनेच्या अनुच्छेद 3 नुसार बदलता येतात, आणि भारत हे राष्ट्र व महाराष्ट्र हे राज्य ही मांडणी आपल्याकडच्या प्रादेशिक पक्षांना मान्य असते. स्कॉटलंडमध्ये नेमका याच मांडणीवर वाद आहे. 1872 मध्ये ग्लासगोत इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात झालेला फुटबॉलचा सामना जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणून नोंदला गेला आहे, आणि एकाच सार्वभौम राज्यातल्या दोन संघांच्या सामन्याला 'आंतरराष्ट्रीय' म्हणण्यात तिथे कोणालाही वावगे वाटत नाही. मी या लेखात 'प्रादेशिक पक्ष' हा शब्द सोय म्हणून वापरतो. मात्र ही अडचण ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचे काही नीट कळणार नाही.

प्रश्न : या पक्षांचा जन्म भाषेच्या प्रश्नातून झाला का? आपल्याकडे भाषावार प्रांतरचनेमुळे तसे वाटते.

उत्तर : वेल्सपुरते हे खरे आहे. प्लाइड कम्री हा पक्ष 1925 मध्ये पुल्हेली या गावी, वेल्श भाषेच्या वार्षिक राष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी स्थापन झाला, आणि भाषा वाचवणे हेच त्याचे पहिले काम होते. पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेले सॉन्डर्स लुइस यांनी 1962 मध्ये केलेल्या रेडिओ भाषणानंतर तरुणांची वेल्श भाषा चळवळ उभी राहिली आणि रस्त्यांवरच्या केवळ इंग्रजी पाट्या रंगाने पुसल्या जाऊ लागल्या. आज वेल्समध्ये गाडी चालवताना वळणाच्या अलीकडे डांबरावर वेल्शमधला 'आरव' आणि इंग्रजीतला 'स्लो' असे दोन शब्द पांढऱ्या रंगात लिहिलेले दिसतात. 1980 मध्ये पक्षाचे ज्येष्ठ नेते ग्विन्फॉर एव्हन्स यांनी वेल्श दूरचित्रवाणी वाहिनीसाठी आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकारने माघार घेतली आणि 1982 मध्ये ती वाहिनी सुरू झाली. तरीही 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलता येणाऱ्यांचे प्रमाण 17.8 टक्केच भरले. भाषेवर उभ्या राहिलेल्या पक्षाला इंग्रजी बोलणाऱ्या चार पंचमांश लोकांपर्यंत पोहोचणे किती जड जाते, हे प्लाइड कम्रीच्या शंभर वर्षांत दिसते.

स्कॉटलंडमध्ये 2011 च्या जनगणनेनुसार गेलिक बोलणारे जेमतेम 1 टक्का होते. त्या भाषेवर तेथे पक्ष उभा राहूच शकला नसता. तेथील पक्ष वाढला तो संस्थांच्या वेगळेपणावर, आणि 1970 च्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर 'हे तेल स्कॉटलंडचे' या घोषणेवर.

प्रश्न : मी भारतीय पासपोर्टवर एडिंबरात राहते. मला मत देता येते का? आणि स्कॉटिश संसदेसाठी दोन मतपत्रिका कशासाठी?

उत्तर : होय, येते. कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, निवडणुकीतही मताधिकार आहे. मात्र मतदार यादीत नाव नोंदवलेले असले पाहिजे. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरील 2014 च्या सार्वमतातही स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या भारतीयांना मत होते, तर स्कॉटलंडमध्ये जन्मून लंडनला स्थायिक झालेल्यांना नव्हते. या निकषाचे मला मोल वाटते : तो वंशाचा नसून वास्तव्याचा होता.

दोन मतपत्रिकांपैकी फिकट जांभळी आपल्या मतदारसंघाच्या उमेदवारासाठी असते आणि पीच रंगाची पक्षाच्या विभागीय यादीसाठी. एकूण 129 सदस्यांपैकी 73 पहिल्या पद्धतीने आणि 56 दुसऱ्या पद्धतीने निवडले जातात. यादीच्या जागा वाटताना, ज्या पक्षाने त्या विभागात मतदारसंघाच्या जागा आधीच भरपूर जिंकल्या आहेत, त्याच्या मतांना मोठ्या संख्येने भागले जाते. म्हणूनच 2021 मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीला यादीची सुमारे 11 लाख मते मिळूनही त्यातून 2 जागाच आल्या आणि 64 वर थांबल्यामुळे बहुमत एका जागेने हुकले.

प्रश्न : 2014 च्या सार्वमतात स्वातंत्र्याचा पराभव झाला, तरी 2015 मध्ये त्याच पक्षाने 59 पैकी 56 जागा जिंकल्या. लोकांचे मत आठ महिन्यांत फिरले का?

उत्तर : नाही, मत फारसे फिरले नव्हते. 18 सप्टेंबर 2014 रोजी 84.6 टक्के मतदान झाले, 44.7 टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने आणि 55.3 टक्के लोकांनी विरोधात मत दिले. पुढच्या मे महिन्यात होकार देणारा मतदार जवळजवळ एकगठ्ठा स्कॉटिश नॅशनल पार्टीमागे गेला, आणि नकार देणारा मजूर, हुजूर व उदारमतवादी अशा तीन पक्षांत विभागला गेला. प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, अशी पद्धत असल्याने निम्म्या मतांवर जवळपास सगळ्या जागा आल्या. त्याच निवडणुकीत, ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे अशी मागणी करणाऱ्या यूके इंडिपेन्डन्स पार्टीला देशभर विखुरलेली सुमारे 39 लाख मते मिळूनही एकच जागा लाभली. स्कॉटिश नॅशनल पार्टीची मते 14.5 लाख होती. 2024 मध्ये हेच चक्र उलटे फिरले : 30 टक्के मतांवर 57 पैकी अवघ्या 9 जागा आल्या, आणि स्वातंत्र्याचा पाठिंबा मात्र जनमत चाचण्यांत 2014 च्या आसपासच राहिला.

पक्षाला दिलेले मत आणि पक्षाच्या अंतिम ध्येयाला दिलेले मत ही दोन वेगळी मते आहेत, आणि मराठी वाचकांना याचे उदाहरण घराजवळच सापडेल. गोव्यात दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाची मागणी घेऊन 1963 मध्ये सत्तेवर आला. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात 1,72,191 मते संघप्रदेश राहण्याच्या बाजूने आणि 1,38,170 मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. त्यानंतर दोनच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत हाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. कुळांना आणि बहुजन समाजाला तो पक्ष आपला वाटत होता. त्याची मुख्य मागणी मान्य नसलेल्यांनाही त्याचे राज्य हवे होते. स्कॉटलंडमध्येही पक्षाला मत देणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र देश हवा असतो, असे समजणारे विश्लेषण सपशेल चुकते.

प्रश्न : देश फोडण्याची उघड मागणी करणाऱ्या पक्षाला निवडणूक लढवू कशी देतात? आणि मूठभर खासदारांनी वेस्टमिन्स्टरमध्ये काय साधते?

उत्तर : भारतात 1963 च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवाराच्या शपथेत देशाचे सार्वभौमत्व व अखंडता राखण्याची हमी आली, द्रमुकने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी त्याच सुमारास सोडली. ब्रिटनमध्ये असे बंधन नाही. तेथे खासदाराला राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागते, आणि ती घेऊन स्वातंत्र्याची मागणी करता येते. ती शपथच नाकारणाऱ्या, उत्तर आयर्लंडमधील शिन फेन या पक्षाचे 2024 मध्ये निवडून आलेले 7 खासदार त्यामुळे सभागृहात बसत नाहीत. मात्र मागणी करता येणे आणि सार्वमत घेता येणे यांत अंतर आहे : वेस्टमिन्स्टरच्या संमतीवाचून स्कॉटिश संसदेला सार्वमताचा कायदा करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये दिला.

मूठभर खासदारांचे मोल सरकार काठावर असताना वाढते. 28 मार्च 1979 च्या रात्री पंतप्रधान कॅलहॅन यांचे मजूर सरकार 311 विरुद्ध 310 अशा एका मताने पडले. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या 11 खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिले, कारण त्याच महिन्याच्या सुरुवातीला झालेल्या सार्वमतात 51.6 टक्के होकार मिळूनही, एकूण मतदारांच्या 40 टक्क्यांची अट पुरी झाली नाही म्हणून स्कॉटलंडची विधानसभा अडली होती. मे महिन्यातील निवडणुकीत त्यांचे 11 चे 2 झाले, थॅचर सत्तेवर आल्या आणि स्कॉटलंडची संसद 1999 पर्यंत लांबली. माझ्या मते तो संताप योग्य होता, पण त्यापायी दिलेले मत महाग पडले.

प्लाइड कम्रीच्या तीन खासदारांनी त्या रात्री सरकारच्या बाजूने मत दिले. त्याचा मोबदला त्यांनी आधीच ठरवून घेतला होता. उत्तर वेल्समधील पाटीच्या दगडाच्या खाणींत आयुष्यभर धूळ ओढलेले कामगार फुफ्फुसांच्या आजाराने खंगत होते, आणि खाणमालक कंपन्या बंद पडल्यामुळे भरपाईचा दावा कोणावर लावावा हेच उरले नव्हते. सरकारनेच ती भरपाई द्यावी, असा कायदा त्याच वर्षी झाला आणि तो आजही लागू आहे.