कोच चारचौघांत म्हणाले, "ती धावतच नाही"

पत्र:

ताई, आम्ही बरीच वर्षं ओहायोत आहोत. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळते. डिव्हिजन वन म्हणजे कॉलेजच्या खेळांची सगळ्यांत वरची पातळी, शिष्यवृत्तीवर, दुसरं वर्ष. नोव्हेंबरमध्ये एक गेम हरल्यावर तिचे कोच पत्रकारांसमोर तिचं नाव घेऊन म्हणाले, "तिचा दम पहिल्या क्वार्टरमध्येच संपतो. बॉल गेला की ती परत धावत येत नाही. मेहनत करायची इच्छा मी कुणाला शिकवू शकत नाही." ती क्लिप आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. तिचे बाबा संतापले आहेत, अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला (कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखांना) ई-मेल लिहून तयार आहे. मला वाटतं तिने ते कॉलेजच सोडावं. थँक्सगिव्हिंगला दोन दिवस घरी आली, पण धड बोलली नाही. दुपारभर झोपायची, उठली की ग्लासभर बर्फ घेऊन कडाकडा चावत टीव्हीसमोर बसायची. जेवणही बेताचंच. आम्ही सगळे शाकाहारी आहोत. बाबांनी विचारलं, "कोच म्हणतात त्यात काही तथ्य आहे का?" तशी उठून वर निघून गेली. जिना चढतानाही धाप लागली होती. उन्हाळ्यात माझ्या सासूबाई मिरजेला आजारी होत्या, त्यांच्याजवळ ती पाच आठवडे राहिली. तेवढा सराव बुडाला हे खरं. पण अंगचोर ती कधीच नव्हती. आम्ही काय करावं?
— एक आई

उत्तर:

ई-मेल, कॉलेज बदलणं, मंडळातली माणसं, हे सगळं थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी त्या बर्फाबद्दल बोलू.

तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ मला तीच वाटली. सतत बर्फ चावावासा वाटणं हे शरीरातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि डॉक्टरांना ते चांगलं ठाऊक आहे. त्याच्या जोडीला दुपारची झोप, मंदावलेली भूक आणि एरवी कोर्टभर पळणाऱ्या मुलीला घरच्या जिन्यावर लागलेली धाप. पाळी येणारी, शाकाहारी आणि रोज घाम गाळणारी मुलगी म्हटली की लोह कमी पडण्याची शक्यता आणखी वाढते. मी डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान कुणीच करू नये. पण तुमची मुलगी माझी भाची असती तर आज संध्याकाळीच मी तिला टीमच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली असती.

डॉक्टरांकडे जाताना तिने एक गोष्ट मुद्दाम सांगावी: हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन अजून ठीक असतं आणि साठा मात्र पार तळाला गेलेला असतो, असं खेळाडू मुलींमध्ये होतं. रिपोर्ट "नॉर्मल" येतो आणि पोरगी धापा टाकतच राहते. बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड याच वेळी बघून घ्यावं. काहींना फक्त जोरात धावल्यावरच दमा होतो, तोही तपासता येतो. पाळी नियमित आहे का, हे डॉक्टर विचारतील. तिने लाजून उत्तर टाळू नये. खेळाला लागतं तेवढं पोटात जात नसेल तर पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि पुढे हाडंही कमजोर होतात.

तुमच्याकडून एवढंच हवं की स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका. गरज नसताना घेतलेलं लोह शरीराला बाधतं. भारतातून आणलेलं टॉनिक किंवा चूर्णही तिच्या हातात देऊ नका. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत काही सापडलं तर जबाबदारी खेळाडूची धरली जाते, मग ते आईने प्रेमाने दिलेलं का असेना. बाटलीतलं किंवा पुडीतलं काहीही आधी टीमच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरला, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती आणि तब्येत बघणाऱ्याला, दाखवायचं. हळिवाचे लाडू जरूर पाठवा. जेवणात डाळी, पालेभाज्या, वर लिंबू पिळून, आणि चहा जेवणासोबत न घेता तासाभराने. पण साठा खरंच रिकामा असेल तर लाडवांनी तो भरणार नाही, औषध लागेल आणि त्याचा गुण यायला काही आठवडे जातील. ते आठवडे कोचना आधीच माहीत असले पाहिजेत.

आता कोचकडे वळते. ते एका दमात दोन वेगळे आरोप करून गेले. दम कमी आहे हा एक, आणि मेहनत करायची इच्छा नाही हा दुसरा. पहिला मोजता येतो, दुसरा निव्वळ अंदाज आहे. तुमच्या घरात सध्या जी आग लागली आहे ती या दुसऱ्या आरोपाची आहे, आणि तो कदाचित पहिल्यातूनच निघालेला आहे.

कॉलेज बास्केटबॉलमध्ये "सेव्हन्टीन्स" नावाचा धावण्याचा प्रकार आहे. तिला विचारा, ती डोळे फिरवून सांगेल. पन्नास फूट रुंदीच्या कोर्टावर या रेषेपासून त्या रेषेपर्यंत सतरा वेळा, साधारण एका मिनिटात. मग थोडी विश्रांती आणि परत तेच. रक्तात लोह कमी असलेली मुलगी पहिली फेरी जिद्दीने काढते. दुसऱ्या फेरीत पाय शिशाचे होतात, तिसरीत ती रेषेला नुसता पाय लावून वळते. खुर्चीत बसलेल्या माणसाला ते अंग चोरणंच वाटतं. धावता येत नाही आणि धावायचं नाही, हे दोन्ही, कोर्टाबाहेरून बघितलं तर, हुबेहूब सारखं दिसतं. म्हणून तर अनुभवी कोच आधी ट्रेनरला विचारतात आणि मग बोलतात.

या कोचनी तसं केलं नाही, आणि ते चुकलं असं माझं स्पष्ट मत आहे. बचावाला परत धावत ये, हे खेळाडूला सांगणं त्यांचं कामच आहे. ड्रेसिंग रूममध्ये, सगळ्या टीमदेखत, कडक शब्दांत सांगितलं असतं तरी मी त्यांना बोल लावला नसता. पण एकोणीस वर्षांच्या मुलीच्या शरीराचा पंचनामा मायक्रोफोनसमोर करायचा नसतो. हल्ली असंही म्हटलं जातं की २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिराती वगैरेंतून, पैसे कमावता येतात, २०२५ पासून कॉलेजंही थेट पैसे देऊ शकतात, तेव्हा व्यावसायिक खेळाडूंसारखी जाहीर टीकाही सोसायला हवी. मला हे पटत नाही. पैसे मिळोत वा न मिळोत, दम का कमी पडतोय हे शोधणं कोचच्या आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांच्या कामाचा भाग आहे. ते न शोधता कोच हरल्याचं कारण म्हणून तिच्याकडे बोट दाखवत असतील, तर ते स्वतःचंच राहिलेलं काम सांगत आहेत.

जॉन वुडन या बास्केटबॉल कोचनी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्यांच्या शेवटच्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ प्रॅक्टिसला जाऊन बसले आणि वुडन यांचं एकेक बोलणं टिपत गेले. दोन हजारांहून जास्त नोंदी झाल्या. कौतुकाच्या नोंदी शंभरात जेमतेम सात, नाराजीच्याही तेवढ्याच. सुमारे पाऊण वाटा होता तो निव्वळ माहितीचा: असं कर, पाय इथे ठेव, आता पुन्हा कर. तुमच्या मुलीचं नाव घेऊन जे बोललं गेलं त्यात तिला उद्या सकाळी प्रॅक्टिसला वापरता येईल असं काय होतं, ते मी शोधून पाहिलं. परत धावत ये, एवढंच सापडलं.

आणखी एक गोष्ट सांगते. तुम्हाला घाबरवायचा हेतू नाही. हा प्रश्न नुसत्या मानापमानाचा का नाही, ते तिच्या बाबांनाही कळावं म्हणून सांगते. २०१८ च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला. त्याला थंड करायला वेळेवर जे करायला हवं होतं ते झालं नाही, आणि जून महिन्यात तो गेला. त्या टीममध्ये खेळाडूंना कसं वागवलं जातं याची मग चौकशी झाली, विद्यापीठाने जबाबदारी मान्य केली आणि ऑक्टोबरअखेर मुख्य कोचना काढलं. थकलेल्या शरीराची तक्रार ऐकून घ्यायची सवय टीमला नसेल, तर गोष्ट इतक्या थराला जाऊ शकते. म्हणूनच एनसीएएचा नियम असा आहे की खेळाडूने कधी खेळावं आणि कधी थांबावं याचा वैद्यकीय निर्णय डॉक्टर आणि ट्रेनर घेतील, कोचना तो फिरवता येणार नाही. तुमच्या मुलीला हा नियम माहीत असायलाच हवा.

ई-मेल पाठवू नका. तिच्या बाबांचा राग मला समजतो, तो रास्तही आहे. पण ती ई-मेल डायरेक्टर वाचतील आणि बहुधा कोचकडेच पाठवतील. दुसऱ्या दिवशी त्याच कोचसमोर बाबा नाही, मुलगी उभी असेल. शिवाय ती सज्ञान आहे. तिच्या परवानगीवाचून तिच्याविषयी फारसं काही कॉलेज तुम्हाला सांगणारही नाही. बोलायचं तिने, कोचच्या खोलीत, समोरासमोर, डॉक्टरांना भेटून आल्यावर. काय बोलायचं ते तिचं तिला सुचेल, पण सुरुवात जड जात असेल तर हे घ्या: "कोच, माझा दम कमी पडतोय हे मलाही जाणवतंय. मी तपासण्या करून घेतल्या आहेत. उन्हाळ्यात आजी आजारी होती म्हणून मी भारतात होते, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मी अजून काय करू ते सांगा, मी करीन. पण माझ्या तब्येतीबद्दल बाहेर बोलण्याआधी माझ्याशी बोला."

मिरजेबद्दल तिने कोचना काही सांगितलं नसावं, असा मला दाट संशय आहे. आपली मुलं घरातलं आजारपण बाहेर बोलत नाहीत, कारण आपणच त्यांना तसं वाढवलेलं असतं. कोचना एवढंच दिसलं असेल की उन्हाळ्यात बाकीच्या मुली घाम गाळत होत्या आणि ही पाच आठवडे गायब होती. त्यांच्या बाजूने पाहिलं तर राग येण्यासारखंच आहे ते. दवाखान्याच्या बाकावर रात्री काढलेली मुलगी त्यांना कुठून दिसणार?

तुम्ही मध्ये पडायची वेळ येऊ शकते, ती कोणती तेही सांगते. डॉक्टरांनी थांब म्हटलं आणि कोचनी पळवलं, किंवा शिक्षा म्हणून पळवणं सुरू झालं, किंवा तिच्या वजनावरून चारचौघांत बोललं गेलं, तर तारखा लिहून ठेवा आणि मग बेधडक लिहा. डायरेक्टरांबरोबरच कॉलेजच्या फॅकल्टी अ‍ॅथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्हनाही. हे प्राध्यापकांपैकी एक असतात आणि एनसीएएच्या प्रत्येक कॉलेजात नेमलेले असतात, पण पालकांना बहुधा पत्ताच नसतो.

कॉलेज बदलायचं म्हणाल, तर आत्ता नको. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंनी नाव नोंदवायची यादी, हंगाम संपल्यावर ठरावीक दिवसांसाठी उघडतं, आणि एकदा नाव टाकलं की सध्याची शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायला कॉलेज बांधील राहत नाही. आज ती गेली तर नव्या ठिकाणी बर्फाचा ग्लास आणि धाप दोन्ही बरोबर जातील. तपासण्या होऊ देत, औषध लागू पडू दे, मग मार्चमध्ये तिला तिथे राहावंसं वाटतंय का ते तिलाच विचारा. नको म्हणाली तर खुशाल जाऊ द्या.

मंडळाच्या ग्रुपवर काहीही लिहू नका. खुलासा नको, तिच्या जुन्या ट्रॉफ्यांचे फोटो तर मुळीच नकोत. फार कुणी विचारलं तर "ती बरी आहे, सीझन चालू आहे" एवढं पुरे.

राहिला तिच्या बाबांनी विचारलेला प्रश्न. "त्यात काही तथ्य आहे का?" त्यांना काळजीच होती, मला शंका नाही. पण तिने ऐकलं ते असं की घरीसुद्धा आपल्याला तेच विचारलं जातंय. एकदा जगासमोर कोच म्हणाले, दुसऱ्यांदा जेवणाच्या टेबलावर बाबा. त्यांनी स्वतः फोन करावा. लांबलचक माफी नको, उपदेश तर नकोच. "तू आळशी आहेस असं मला एक क्षणही वाटलं नाही. तुला धाप लागली ते मी पाहिलं आणि घाबरलो," एवढं म्हणावं, आणि मग गप्प बसून ती बोलेल ते ऐकावं. ती काहीच बोलली नाही तरी चालेल. पुढच्या होम गेमला दोघंही जा, आणि गेम संपल्यावर मिनिटं, पॉइंट्स, कोच यातलं काहीही तुम्ही काढू नका.

आज फोन कराल तेव्हा डॉक्टरांची वेळ घेतली का, ते विचारा. घेतली नसेल तर "बघते गं" ऐकून फोन ठेवू नका, तुम्ही लाइनवर असतानाच तिला ती घ्यायला लावा.